मेंदूतल्या जागा, मेंदूतल्या वाटा

मेंदूविषयी गेली दोनशे वर्षं दोन मतं एकमेकांशी भांडत आली आहेत. एक मत म्हणतं, प्रत्येक कामाची मेंदूत ठरलेली जागा आहे. ती जागा गेली की ते काम गेलं. दुसरं म्हणतं, कुठलंच काम एका जागी बसून होत नाही. अनेक जागा मिळून ते घडवतात, आणि खरं महत्त्व त्यांच्यामधल्या वाटांना आहे. हा वाद प्रयोगशाळेपुरता राहत नाही. पक्षाघाताच्या रुग्णावर काय उपचार करायचे, किती दिवस करायचे आणि ते कधी थांबवायचे, हे पुष्कळदा उपचार करणारा यांपैकी कोणत्या मताचा आहे यावर ठरतं. म्हणून तो वाद इथे दोन जाणत्या माणसांच्या तोंडून मांडला आहे. मामा वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भाची स्पीच थेरपिस्ट; पक्षाघातामुळे वाचा गेलेल्या माणसांबरोबर तिचा सगळा दिवस जातो.

मामा : आधी जागेचं बोलू, कारण मेंदूचं आधुनिक शास्त्र तिथूनच उभं राहिलं. 1861 साल. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण वीसहून अधिक वर्षं राहत होता. त्याला ‘तां’ एवढाच उच्चार करता यायचा. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, हातवारे करून तो उत्तरं द्यायचा, पण तोंडातून बाहेर पडायचं ते फक्त ‘तां, तां’. तो वारला आणि पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू विद्वानांच्या सभेपुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या खंडाच्या खालच्या घडीत मोठी इजा होती. पुढे असे आणखी रुग्ण सापडत गेले, आणि इजा पुन्हा पुन्हा डावीकडेच. मग 1874 मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलट प्रकारचे रुग्ण दाखवले. ते भडाभडा बोलायचे, पण बोलण्याला अर्थ नसायचा आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना समजायचं नाही. त्यांची इजा डाव्या कानाच्या वर, जरा मागे. बोलणं इथे, समजणं तिथे. आजही रुग्ण कसा बोलतो हे ऐकून निष्णात न्यूरॉलॉजिस्ट स्कॅन येण्याआधी इजेची जागा सांगतो आणि ती बहुतेकदा बरोबर निघते.

भाची : लबोर्न्यची गोष्ट मीही माझ्या विद्यार्थिनींना सांगते, पण ती 1861 ला थांबवत नाही. ब्रोकाने तो मेंदू कापला नव्हता, अखंड जपून ठेवला होता. पॅरिसच्या संग्रहालयातल्या त्याच मेंदूचा एमआरआय काढला गेला आणि 2007 मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. इजा पृष्ठभागावरच्या घडीपुरती नव्हतीच. ती आत खोलवर गेली होती, आणि मेंदूचा पुढचा नि मागचा भाग जोडणारे तंतूही तिने तोडले होते. शिवाय आता हेही कळलंय की फक्त ब्रोकाच्या जागेपुरती लहानशी इजा झाली, तर बोलणं बरेचदा काही आठवड्यांत पुष्कळ सुधारतं. वीस वर्षं ‘तां’वर अडकून पडण्यासाठी आतल्या वाटा तुटाव्या लागतात.

मामा : वाटा मी नाकारत नाही. पण आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये मुलांच्या हातात पहिल्यांदा मेंदू दिला की जे दिसतं, ते तू विसरू नकोस. वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम. ताजा मेंदू इतका मऊ की टेबलावर ठेवला तर स्वतःच्याच भाराने पसरायला लागतो. फॉर्मालिनमध्ये काही आठवडे राहिला की मग सुरीखाली नीट उभा राहतो. पातळ आवरण चिमट्याने सोलून काढलं की घड्या मोकळ्या होतात. बाजूला एक खोल खाच आडवी मागे जाते. तिच्यात अंगठा घालून कडा हलकेच विलग केल्या की आत दडलेला आणखी एक भाग दिसतो. डाव्या अर्ध्यात खाचेच्या वर, पुढच्या टोकाला ब्रोकाची जागा. खाली, मागच्या टोकाला वेर्निकेची. डोक्याच्या मध्यापासून खाली उतरणारी दुसरी खाच, तिच्या पुढची घडी हालचालींची, मागची स्पर्शाची. माँट्रिअलच्या वायल्डर पेनफिल्डने जागं ठेवलेल्या रुग्णांच्या मेंदूवर बारीक विद्युतप्रवाह देऊन या घड्यांचा नकाशा काढला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून हे करता आलं. एका ठिकाणी टोचलं की अंगठा हले, जरा बाजूला टोचलं की ओठ. बोटं, ओठ आणि जीभ यांनी मोठा मुलूख व्यापलेला. आख्ख्या पाठीच्या वाट्याला लहानसा तुकडा. हा नकाशा कल्पनेतला नाही. आजचे सर्जन गाठ काढताना त्याच्याच आधाराने सुरी चालवतात.

भाची : आता तोच मेंदू सुरीने आडवा काप आणि चकतीत काय दिसतं ते सांग.

मामा : कडेने दोन ते चार मिलिमीटर जाडीचा करडा थर. आत पांढरं द्रव्य. त्याच्या पोटात खोलवर पुन्हा काही करड्या गाठी.

भाची : कडेचा थर तेवढासा आणि आत एवढं पांढरं! त्या पांढऱ्यात दुसरं काय आहे? नुसते तंतू. चेतापेशींच्या लांबच लांब शाखा, आणि त्यांच्यावर चरबीचं वेष्टण; पांढरा रंग येतो तो त्या वेष्टणाने. उजवा आणि डावा अर्धा जोडणाऱ्या एका पट्ट्यातच सुमारे 20 कोटी तंतू आहेत. पाठ्यपुस्तकात करड्या घडीघडीला नाव असतं, क्रमांक असतो. पांढऱ्याचा नंबर शेवटच्या तासाला लागतो. निसर्गाने एवढी जागा वाटांसाठी राखून ठेवली, ती काही उगीच नाही.

मामा : मग मुळापासून बोलू. मेंदू हे सलग जाळं आहे की सुट्या पेशींचा समूह, यावर एक मोठी लढाई झाली. इटलीच्या कामिल्लो गॉल्जीने 1873 मध्ये चांदीच्या क्षाराने ऊती रंगवायची पद्धत शोधली. तिचं वैशिष्ट्य असं की हजारो पेशींमधल्या मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. त्या पद्धतीने पाहूनही गॉल्जी म्हणत राहिला की सगळे तंतू एकमेकांत मिसळून एकच जाळं होतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने तीच पद्धत वापरली, हजारो काप पाहिले, हाताने चित्रं काढली, आणि सांगितलं की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. 1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि गॉल्जीने त्या समारंभातल्या भाषणातही काहालच्या मताला विरोध केला. शेवटी 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली फट दिसली. सुमारे 20 नॅनोमीटर. तुझं सलग जाळं तिथेच संपलं.

भाची : गॉल्जीचं सलग जाळं संपलं, हे बरोबर. पण काहालने पेशी सुट्या केल्या त्या जोडणी समजून घेण्यासाठी. संदेश एका बाजूने आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर जातो, हे त्यानेच चित्रांत बाण काढून दाखवलं. पेशी सुट्या असल्यामुळेच त्यांच्यामधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, बळकट होऊ शकतो, कमकुवत होऊ शकतो, नवा तयार होऊ शकतो. सगळं एकसंध चिकटलेलं असतं तर शिकायला वाव कुठे राहिला असता?

मामा : आणि त्या फटीतून संदेश जातो कसा, हे ऑटो लोवीने किती सोप्या प्रयोगाने दाखवलं! 1921 मध्ये त्याने दोन बेडकांची हृदयं मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. एकाला व्हेगस नस जोडलेली होती, दुसऱ्याला नव्हती. पहिल्याची नस विजेने उत्तेजित केली, त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं. नस नसतानाही तेसुद्धा मंदावलं! म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी रसायन पाण्यात उतरलं होतं. ते ॲसिटिलकोलीन. पेशीच्या आत संदेश विजेचा : आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते, सोडियमचे कण आत घुसले की क्षणार्धात ती धन होते, आणि ही लाट तंतूवरून पुढे धावते. फटीपाशी मात्र वीज थांबते आणि रसायन पुढे होतं. मनोविकारांवरची कितीतरी औषधं काम करतात ती याच फटीत.

भाची : आणि त्या लाटेचा वेगसुद्धा वाटेवर ठरतो. जाड, चरबीचं वेष्टण असलेल्या तंतूतून ती सेकंदाला शंभर मीटरच्या वर जाते. रेंगाळणारी आग वाहून नेणाऱ्या बारीक, उघड्या तंतूतून जेमतेम एखादा मीटर. म्हणून तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि आग नंतर जाणवते. हात मागे घ्यायचा निर्णय मेंदूपर्यंत जातच नाही, मज्जारज्जूतच होतो. मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात, मेंदूतून 12. पाठीच्या कण्यातून थेट पावलापर्यंत गेलेला एकेक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. एका पेशीची एवढी लांब शाखा! आता यात कामाची जागा कुठली दाखवशील?

मामा : दाखवतो ना. मज्जारज्जूचा कुठला खंड, ते बोटाने दाखवतो. गुडघ्याखाली हातोडी मारली आणि पाय उडाला नाही, तर बिघाड कमरेच्या कोणत्या नसांत आहे ते मला सांगता येतं. वाट मान्य, पण वाटेलाही पत्ता असतो.

भाची : मग पत्ते सगळे शाबूत आणि वाट तेवढी तुटलेली, असा रुग्ण सांगते. पॅरिसच्याच ज्यूल देजरिनने 1892 मध्ये त्याचं वर्णन केलं. सुशिक्षित गृहस्थ, एक दिवस अचानक वाचता येईना. नजर बरी, बोलणं उत्तम, आणि लिहिणंही उत्तम. पण स्वतःच लिहिलेलं पत्र समोर धरलं की एक अक्षर ओळखू येत नसे. तेच अक्षर बोटाने गिरवलं की मात्र ओळखायचा! उजव्या अर्ध्याला अक्षर दिसत होतं. अक्षरांचं ज्ञान डाव्या अर्ध्यात जसंच्या तसं होतं, म्हणून तर लिहिता येत होतं. डाव्या अर्ध्याची मागची पाहणारी जागा निकामी झाली होती, आणि उजवीकडून डावीकडे येणारा तंतूंचा पट्टा मागच्या टोकाला तुटला होता. दिसलेलं अक्षर ज्ञानापर्यंत पोचतच नव्हतं. आता सांग, त्याचं वाचन कोणत्या जागी होतं? मुंबईत दादरला पाणी तुंबलं की मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरचे लोक अडकतात. म्हणून मुंबईकरांचा प्रवास दादरमध्ये असतो, असं कुणी म्हणत नाही. बंद पडला तो दादरमधून जाणाऱ्यांचा प्रवास.

मामा : चांगलं सांगितलंस. पण दादर बंद पडणं आणि कर्जतच्या पुढचं एखादं स्थानक बंद पडणं, हे सारखं आहे का? नाही. सगळ्या जागा सारख्याच, हेही एकदा शास्त्राने म्हणून पाहिलंय. 1820 च्या दशकात फ्लुराँसने पक्ष्यांच्या मेंदूचे भाग काढून सांगितलं की मोठा मेंदू अखंडपणे काम करतो, त्यात वेगवेगळे कप्पे नाहीत. पुढे अमेरिकेत कार्ल लॅशलीने उंदरांना भूलभुलैयातून वाट काढायला शिकवलं, मग मेंदूचे वेगवेगळे तुकडे काढले. त्याला दिसलं ते असं की किती काढलं याला महत्त्व, कुठून काढलं याला नाही. आयुष्यभर शोधूनही स्मृतीची जागा सापडत नाही, असं त्याने 1950 मध्ये लिहिलं. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हेन्री मोलेसनचं प्रकरण पुढे आलं.

भाची : अपस्माराचे झटके थांबवायला 1953 मध्ये ज्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, तो?

मामा : तोच. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत, जुन्या आठवणी बऱ्याचशा शाबूत. पण नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्याला तपासत होती, आणि दर वेळी ती त्याला नवखीच होती. 2008 मध्ये वारेपर्यंत तो तसाच राहिला. काढलेला भाग मोजक्याच सेंटिमीटरांचा. मेंदूत इतरत्र एवढाच तुकडा गेला असता तर कदाचित कुणाला पत्ताही लागला नसता. त्याहून खाली उतर. मज्जारज्जूच्या वर मेंदूचा देठ आहे. त्याच्या खालच्या तीनेक सेंटिमीटरांत श्वासाचं नियंत्रण आहे. तिथे छोटासा रक्तस्राव झाला की तुझी एकही पर्यायी वाट उपयोगी पडत नाही. आणि आपल्या मुंबईचंच उदाहरण घे. डॉ. नोशीर वाडिया यांनी 1971 मध्ये एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं : तोल जातो, आणि नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन उडी घेण्याऐवजी हळूहळू सरकते. देशोदेशींच्या न्यूरॉलॉजिस्टांनी पुढे त्या वर्णनाचा आधार घेतला. नजरेच्या उडीला वेग देणाऱ्या पेशींचा लहानसा गट मेंदूच्या देठात असतो, आणि या आजारात तो झिजतो. इतकं नेमकं असतं हे सगळं.

भाची : मोलेसनचं एक राहिलं, मामा. मिल्नरने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे पूर्वी केलंय, हे त्याला आठवत नव्हतं, पण हात शिकला होता. म्हणजे स्मृती नावाची एकच वस्तू नाही. तिच्या वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि एक बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते. माझ्या कामाचा सगळा आधार तोच आहे.

मामा : वाट चालू राहते, हे ठीक. पण एका जागेचं काम दुसरी जागा करेल का?

भाची : काही मर्यादेपर्यंत करते, याचे पुरावे आहेत. लहानपणी दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचतात, तेव्हा त्यांच्या मेंदूचा मागचा, एरवी पाहणारा भाग काम करताना दिसतो. 1996 मध्ये हे दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी त्या भागाचं काम चुंबकीय स्पंदनांनी क्षणभर विस्कळीत करून पाहिलं, तर ब्रेल वाचताना चुका व्हायला लागल्या. पाहण्याची जागा बोटांसाठी राबत होती! मृगांक सूर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने फेरेट जातीच्या पिल्लांमध्ये डोळ्यांकडून येणारे तंतू ऐकण्याच्या वाटेवर वळवले, तर ऐकण्याच्या भागात पाहण्याच्या पेशींसारख्या पेशी तयार झाल्या. गंभीर अपस्मारासाठी ज्या लहान मुलांचा डावा अर्धा मेंदू काढून टाकावा लागतो किंवा अलग करावा लागतो, त्यांतली अनेक मुलं उजव्या अर्ध्याच्या बळावर बोलायला लागतात.

मामा : यात तू दोनदा ‘लहान’ म्हणालीस आणि एकदा ‘पिल्लू’. सूर यांच्या फेरेटांच्या त्या भागातलं पाहणं नेहमीइतकं स्पष्ट नव्हतं. जागेची स्वतःची घडण असते, ती पूर्ण पुसत नाही. सत्तरीतल्या माणसाच्या नातेवाइकांना तू पोरांची उदाहरणं देऊन आशा लावू नयेस. पक्षाघातानंतर लोक काय काय करतात, ते मी पाहिलंय. कुठे कबुतराचं रक्त चोळतात, कुठे गुप्त तेलासाठी हजारो रुपये मोजतात. त्यात आता ‘मेंदू स्वतःला नव्याने घडवतो’ असं म्हणून यंत्रं आणि गोळ्या विकणारे आलेत. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे निखालस खोटं वाक्य अजून व्याख्यानांत ऐकू येतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतल्या शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के बेकार ठेवायला एवढा खर्च कोणतं शरीर करेल?

भाची : त्या बाबतीत मी पूर्ण तुझ्या बाजूची आहे. डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलावंत, हेही तसंच खोटं. पण सत्तरीतल्या माणसात काय होऊ शकतं, ते ऐक. एसटीत कंडक्टर म्हणून हयात घालवलेले एक आजोबा येतात. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा मोठा झटका, उजवा हात लुळा. ‘तुमचं नाव काय?’ विचारलं की ओठ जुळतात, मान ताठ होते, कपाळावर घाम येतो, आणि शब्द निघत नाही. मी नुसतं ‘बे एके बे’ म्हटलं की ते ‘बे दुणे चार’पासून वीसपर्यंत थांबत नाहीत. ‘स्वारगेट’ म्हटलं की कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ करत साताऱ्याला पोचतात. गणपतीची आरती लावली की शब्दांसकट म्हणतात. त्यांच्या सुनेला पहिल्या दिवशी रडू फुटलं. तिला वाटलं, वाचा आली.

मामा : आली नव्हती. ते घोकलेलं बोलणं. शब्दांची साखळी आपोआप चालते, त्यात मनातला विचार मांडावा लागत नाही. पाढा म्हणणारा माणूस पाणी मागू शकेलच असं नाही.

भाची : तेच मी सुनेला समजावलं. पण ती उरलेली वाट मला आत शिरायला पुरते. 1973 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी आणि थेरपिस्टांनी सुरावर आधारलेली पद्धत मांडली, ती मी मराठीत वापरते. आजोबांचा डावा हात हातात घ्यायचा, टेबलावर ठेका धरायचा आणि दोन सुरांत ‘च-हा ह-वा’ गुणगुणायचं. आधी दोघांनी मिळून, मग अर्ध्यावरून मी गप्प, मग सगळं त्यांनी. हळूहळू सूर काढून घ्यायचा, ठेका कमी करायचा. ‘चहा हवा’ झालं की ‘नको’, मग नातवाचं नाव. हे रोज, पुन्हा पुन्हा, आणि घरीही. चहाच्या वेळी सुनेने कप पुढे करून थांबायचं. त्यांनी मागितल्यावरच द्यायचा. खरी गरज असते तेव्हा शब्द जास्त लवकर पक्का होतो.

मामा : आणि हे काम उजवा अर्धा उचलतो, असं तुझं म्हणणं?

भाची : इजा किती आहे, त्यावर आहे. लहान असेल तर डाव्या बाजूच्याच, इजेच्या आसपासच्या पेशी पुन्हा कामाला लागतात, आणि सुधारणा बहुतेक त्यानेच चांगली होते. डावीकडचा भाषेचा बराचसा भाग गेला असेल, तर उजवीकडची मदत घ्यावी लागते. म्हणूनच मी पहिल्या भेटीत सीटी किंवा एमआरआय पाहते. कुठली जागा गेली हे कळल्याशिवाय कुठली वाट उरली ते मला सांगता येत नाही. तिथे मला तुझा नकाशा लागतोच.

मामा : मग माझ्या नकाशाने सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट लिहून घे : वेळ. मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार झाले नाहीत, तर सरासरी दर मिनिटाला 19 लाख मरतात. मेलेली पेशी परत येत नाही. तुझी थेरपी उरलेल्यांवर चालते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निवडक रुग्णांत बारीक नळी घालून गुठळी काढता येते, कधी कधी 24 तासांपर्यंत, पण लवकर ते बरं. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी जिथे सीटी स्कॅन आहे अशा मोठ्या रुग्णालयात तडक न्यायचं. ‘झोपू दे, सकाळी बघू’ म्हणायचं नाही. तोंडाने पाणी, गोळी काही द्यायचं नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. आणि तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला होता तेव्हापासून.

भाची : हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, यात शंकाच नाही. पण तुझ्या मताचा दुसरा परिणामही मला रोज भोगावा लागतो. जागा गेली म्हणजे सगळं गेलं, ही समजूत इतकी मुरली आहे की रुग्णालयातून घरी सोडताना घरच्यांना सांगितलं जातं, ‘सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे काही नाही.’ मग सहा महिने झाले की फिजिओथेरपी बंद, स्पीच थेरपी बंद, माणूस कॉटवर. जर्मनीत वाचाघाताच्या दीडशेहून अधिक रुग्णांवर याचीच परीक्षा झाली आणि 2017 मध्ये निष्कर्ष छापून आला. सगळ्यांना झटका येऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला होता. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ज्यांना तेवढा काळ नुसतं थांबवून ठेवलं होतं, त्यांचं सुधारलं नाही. हाताचंही तसंच. चांगला हात मोजा घालून बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं, या पद्धतीने झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनीही हाताचा वापर वाढल्याचं 2006 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं.

मामा : पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, हे मात्र खरं आहे ना?

भाची : अगदी खरं. म्हणून तर लवकर सुरुवात करायची. पण वेग मंदावला म्हणजे दार बंद झालं, असं नाही. तिथे सोडून दिलं की मिळालेलंही निसटतं.

मामा : माझा आग्रह मी सोडत नाही. जागा नेमकी कळली नाही तर डॉक्टर चुकीची गुठळी शोधेल, सर्जन चुकीची घडी कापेल, आणि घरच्यांना तू खोटी आशा लावशील. रुग्णाचं नेमकं काय गेलं, हे सांगायचा प्रामाणिकपणा नकाशातूनच येतो. पण विद्यार्थ्यांना पांढऱ्या द्रव्याचा तास शेवटी नको, घड्यांच्या तासालाच जोडून घ्यावा, हे मला पटतं. ब्रोकाची जागा दाखवली की तिच्यातून निघून मागे वेर्निकेपर्यंत जाणारा तंतूंचा कमानदार जुडगा त्याच वेळी उघडून दाखवायला हवा.

भाची : आणि माझाही आग्रह कायम आहे. आमचं शिक्षण मुंबईत नायर रुग्णालयात मिळतं, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मिळतं. पण तालुक्याच्या गावात वाचा गेलेल्या माणसाला थेरपिस्ट शोधून सापडत नाही. तिथला डॉक्टरही मग विषय काढत नाही. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवण्याची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, एवढं लिहून चिठ्ठी संपते. रक्तदाबाची गोळी पुढचा झटका टाळते. झालेल्या झटक्याने तोडलेलं बोलणं ती जोडत नाही. ते काम रोजच्या सरावाचं आहे, आणि तो उपचारच आहे. म्हणून घरी सोडतानाच्या त्या चिठ्ठीवर, गोळ्यांच्या खाली, स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा आणि किती तास घ्यायची ते आकड्यात लिहिलं पाहिजे. आणि ते लिहिलं नसेल, तर रुग्णाच्या घरच्यांनी तिथेच थांबून लिहून मागितलं पाहिजे.